डाव्या पेटीचं दुखणं

पोलादपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस, २००२

मित्रवर्य अमजद यास हैबतीचा सलाम, आणि सलाम पोचायला उशीर झाला तर तोवर नमस्कार.

वि. वि. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, म्हणजे एक अवयव सोडून सर्व. त्याचं पुढे येईल. माहरुखभाभींची कंबर आता कशी आहे? मस्कतच्या एसीने कंबर धरते असं तुझी वहिनी म्हणते. (तिने एसी फक्त महाडच्या बँकेत पाहिलाय, पण मत पक्कं आहे.) तुझ्या गावी, नात्याला, मागच्या आठवड्यात जाऊन आलो. तुझ्या घराचा स्लॅब पडला. पडला म्हणजे टाकून झाला, घाबरू नकोस. तुझ्या अम्मींनी मला ताटभर घावणे खायला घातले आणि हॉल दाखवला. हॉल एवढा मोठा बांधलायस की त्यात माझी एसटी उभी राहील. अम्मी म्हणाल्या, "आता अमजदच्या त्या दोन पेट्या हितं मावतील रे." पंधरा वर्षांपूर्वी याच अम्मींनी तुझे ते छातीएवढे स्पीकर उंबऱ्यावरून परत पाठवले होते. "दार नाय, खण नाय, असली कपाटं घेऊन करायचा काय?" असं म्हणाल्या होत्या, आठवतं? म्हणून तर ते माझ्या घरी आले आणि राहिले.

तू पत्रात विचारलंयस, "माझ्या पेट्या कशा आहेत?" प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर नाही.

मोठा आवाज सहन करायला काळीज लागतं असं तू म्हणायचास. पोलादपूरच्या पावसात मोठा आवाज सांभाळायला काळजापेक्षा डांबरगोळ्या जास्त लागतात. लाकडाला बुरशी येते, ती मी दर आषाढात खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसतो. (डोक्याला लावायला घरात तेल नसतं, पेट्यांना असतं, हे तुझ्या वहिनीचं वाक्य.) एका वर्षी पाठीमागच्या भोकातून उंदरीण आत गेली आणि तिने कापसात बाळंतपण उरकलं. आम्हाला पत्ता नाही. मी जाखडी नाचाची कॅसेट लावली, ढोलकीवर पहिली थाप पडली आणि भोकातून आई आणि तिची पाच लेकरं रांगेने बाहेर पडून स्वयंपाकघरात गेली. पुढे मोठ्या पडद्याभोवतीची फोमची कड बिस्किटासारखी चुरली. ती महाडच्या मुसैबने (रेडिओ दुरुस्तीवाला, तू गेल्यानंतर त्याने दुकान टाकलं) नवी बसवून दिली. गणपतीत दोन्ही पेट्या मखराच्या मागे खांब म्हणून उभ्या राहतात. थोडक्यात, तुझ्या पेट्या माझ्या घरात सुनांसारख्या नांदल्या. काम सगळ्यांचं केलं आणि तक्रार कधी केली नाही.

तक्रार आली ती या वर्षी, तीही फक्त डावीची.

ज्येष्ठात तापाने आठवडाभर पडलो होतो. उठल्यावर करमणूक म्हणून तीच जाखडीची कॅसेट लावली. त्यात ढोलकी उजवीकडे आहे आणि झांज डावीकडे, हे तुला सांगायला नको. तूच मला मधोमध बसवून शिकवलंस. तर ढोलकी ठणठणीत आणि झांज गायब! नाचणाऱ्यांच्या पायातली चाळसुद्धा अर्धीच. मी बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरवलं. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "कानठळ्या बसल्या! बंद करा." मी म्हटलं, डावी पेटी बसलीय. ती म्हणाली, "बसली नाय, बोंबलतेय." मी तिला समजावलं की स्टिरिओ ही समजण्याची गोष्ट आहे, नुसती ऐकण्याची नाही. अमजद, हे वाक्य मी मोठ्या ऐटीत बोललो. लक्षात ठेव, आणि मी भेटल्यावर ते मला ऐकवू नकोस.

दुसऱ्या दिवशी पेटी माझ्याच गाडीतून महाडला नेली. दार उघडून मागच्या लांब सीटवर तिला आडवी निजवली, वर चादर घातली. कंडक्टर भागोजीने सामानाचं तिकीट फाडलं. कापडे गावच्या बनुबाई चढल्या. (या बाई बाजाराला जातात आणि गाडीतल्या प्रत्येकाची चौकशी करतात.) त्यांनी चादरीखालचा लांबट आकार पाहून पदर तोंडाला लावला. "कोण गो बाई गेला?" भागोजी म्हणाला, "ड्रायव्हरच्या घरातला हाय. अजून गेला नाय, आवाज बसलाय." झालं! महाड येईपर्यंत माझ्या म्हाताऱ्या चुलत्याचा आवाज जाऊन त्याला मुंबईला हलवल्याची बातमी पुढच्या सीटपर्यंत आली होती. संध्याकाळी परतलो तर चुलते स्वतः अंगणात उभे राहून विचारत होते, "मला कुठे हलवतोयस?"

मुसैबने पेटी उघडली, तपासली, वाजवली आणि बंद केली. "काका, हिला काय झालेला नाय." मी म्हटलं, नीट बघ. त्याने माझ्या समाधानासाठी वायरी बदलल्या. घरी आणून लावली, तरी मुकी ती मुकीच. मग मी डोकं चालवलं. उजवी पेटी डावीकडे ठेवली आणि डावी उजवीकडे. तर काय आश्चर्य! आजारी पेटी उजव्या जागेवर जाताच खणखणीत बोलू लागली आणि धडधाकट पेटी डाव्या जागेवर जाताच मुकी झाली. आता तूच सांग, कोणताही विचारी माणूस यावरून काय निष्कर्ष काढील? मी तोच काढला. दोष भिंतीत होता.

त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. भिंतीत ओल होती, फडताळ होतं आणि फडताळात तुझ्या वहिनीचे पापडाचे डबे होते. ओल आवाज शोषते असं मी कुठेतरी वाचलं होतं. (नसेलही वाचलं, पण त्या क्षणी वाचल्यासारखं वाटलं.) रावजी गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला फडताळ काढू, गिलावा खरवडू. फडताळ काढता काढता मागच्या चार विटा आल्या, त्या बसवता बसवता आणखी आल्या, आणि दुपारी हॉलमधून मला स्वयंपाकघरातली चूल, चुलीवरची आमटी आणि आमटीमागे तुझ्या वहिनीचा चेहरा असं सगळं एका चौकटीत दिसलं. चेहऱ्याबद्दल लिहीत नाही. रावजी घाईने म्हणाला, "वैनी, शहरात आता अशीच फॅशन हाय. हितनंच ताट द्यायचा." ते भगदाड अजून आहे. ताटं तिथूनच येतात. पण झांज आली नाही.

आता थोडं नोकरीचं सांगतो. ते वेगळं प्रकरण आहे असं मी तेव्हा समजत होतो. भागोजीचं आणि माझं पावसाळाभर वाजत होतं. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल, हे तू लहानपणापासून जाणतोस. मला दोनाची एक ऐकू यायची आणि कधी एकीची काहीच नाही. मी त्याला म्हणायचो, दोरी ओढताना हाताला काय मेंदी लावलेली असते? एकदा बनुबाईंना कापड्याला उतरायचं होतं, त्यांना मी पुढच्या वळणापर्यंत नेलं. त्या उतरताना माझ्या डाव्या अंगाला उभ्या राहून काहीतरी बोलल्या. मला वाटलं, चुलत्यांची चौकशी करतात. मी हसून म्हटलं, "बरं हाय, बरं हाय, तुमचीच कृपा." नंतर भागोजीने सांगितलं की त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

आणि श्रावणात आंबेनळी घाटात धुकं होतं. पुढे दरड आलेली, म्हणून गाडी मागे घ्यायची होती. भागोजी खाली उतरून डाव्या बाजूला मागे उभा राहिला. मी आरशात बघत होतो, पण आरशात नुसता कापूस. "येऊ दे, येऊ दे" हे अंधुक ऐकू आलं. मग काहीच नाही, म्हणून मी घेतच राहिलो. मागचा पत्रा कठड्याला टेकला तेव्हा थांबलो. कठड्याचा एक दगड सुटून खाली गेला. तो तळाला पोचल्याचा आवाज मला आला नाही. भागोजी समोर आला, पांढराफटक. मी खिडकीतून त्याच्यावर ओरडलो, "थांब म्हणायला तोंडात काय सुपारी होती?" पुढे दोन-तीन दिवस त्याचा घसा बसला होता. मी त्याला सर्दीची गोळी दिली.

आता पेटीकडे येतो. नवरात्रात एका संध्याकाळी तुझी वहिनी आणि मी खाली बसून वाल सोलत होतो. भगदाडातून धूळ येते म्हणून मी पेट्यांकडे पाठ केली होती. कॅसेट चालू होती. आणि अचानक झांज आली! स्वच्छ, उजव्या कानाशी. पण ढोलकी गेली. मी पेट्यांकडे तोंड केलं, ढोलकी आली, झांज गेली. पाठ केली, झांज आली, ढोलकी गेली. असा मी बसल्या जागी फिरत राहिलो. तुझी वहिनी म्हणाली, "भोवरा झाला काय तुमचा? वाल सांडतील." मी उजव्या कानात बोट घातलं. अमजद, वहिनीचे ओठ हलत होते, पंखा फिरत होता, कॅसेटची चाकं फिरत होती, आणि कशालाच आवाज नव्हता.

बोट काढलं. वालांकडे बघत बसलो. मला आधी झांजेचं काही वाटलं नाही. घाटातला तो दगड डोळ्यांपुढे आला, आणि भागोजीचा बसलेला घसा. गाडीत त्या दिवशी बायकामाणसं होती, महाबळेश्वरला शिकायला जाणारी दोन पोरं होती, आणि बनुबाई होत्या.

वैद्यकीय तपासणी पुढच्या उन्हाळ्यात होती. तोवर कोणाला काही कळलं नसतं. सकाळी डेपोत गेलो आणि साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून म्हटलं, "साहेब, माझा डावा कान गेलाय. आजची गाडी दुसऱ्याला द्या." साहेब म्हणाले, बसा. बाजूला भागोजी तिकिटांचा ट्रे घ्यायला आला होता, त्याने ऐकलं. मला वाटलं, हा आता सगळं काढणार. तर तो म्हणाला, "अरे देवा! आणि मी समजतोय, माझाच आवाज बारीक झालाय. घरी बायकोला पण विचारला." मग कॅन्टीनमध्ये चहा घेताना तो डावीकडची खुर्ची उचलून, वळसा घालून माझ्या उजवीकडे येऊन बसला. त्या दिवसापासून तो कुठेही भेटला तरी वळसा घालतो. घाटाबद्दल मीच त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर्दीच्या गोळीने बरा वाटला होता."

महाडच्या डॉक्टरांनी शीर गेली असं सांगितलं. तापातच गेली असावी. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, यंत्र मिळतं, असंही म्हणाले. ते बघू. स्टिअरिंग सुटलं. तूर्त मला चौकशीच्या खिडकीत बसवलंय. (माणसाला ऐकू येत नसलं की लोक त्याच्याकडे चौकशीला का येतात, देव जाणे.) पहिल्या दिवशी एकाने डावीकडून पेण विचारलं, मी त्याला चिपळूणच्या गाडीत बसवलं. सुदैवाने गाडी सुटायची होती. शिवाय माइकवर गाड्या पुकारायचं कामही माझंच. आवाज किती निघतो याचा मला अंदाज येत नाही. समोरचा केळीवाला म्हणतो, तुम्ही पुकारता तेव्हा घडातली केळी पिकतात. बावीस वर्षं मी घाट चढवला, आता नुसती गावांची नावं घेतो. पहिले काही दिवस जड गेले. गाडी फलाटाला लागली की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो, टेबलाखाली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: पेट्या उत्तम आहेत. बिघाड मालकात आहे. दोन पेट्यांना दोन कानांचा माणूस लागतो. तू डिसेंबरात येशील तेव्हा टेम्पो घेऊन ये आणि दोघींना नात्याला ने. हॉल वाट बघतोय. मी मनाची तयारी केली आहे, हे अगदी शांतपणे लिहितो आहे.

माहरुखभाभींना सलाम, मुलांना आशीर्वाद, आणि तुला उजव्या बाजूने मिठी.

तुझा,
हैबती

ता. क. टेम्पो आणू नकोस. वर जे लिहिलं ते दुपारचं आहे. संध्याकाळी मी त्या लावल्या.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. नुसता ये. माझ्या जागेवर मधोमध बस आणि डावी पेटी काय बोलते ते मला सांग. मुसैब "ठीक हाय" म्हणतो, पण ठीक म्हणजे काय? झांज अजून तशीच खणकते का, तिच्यानंतर ती बारीक थरथर येते का, ते मला तुझ्या तोंडून हवंय. घरात हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

भावजी, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलाय म्हणून वाचला. माझा अक्षर वाईट हाय, समजून घ्या. हे रोज संध्याकाळी बसतात, मी त्यांच्या डाव्या अंगाला बसते आणि सांगते, आता झांज आली, आता गेली, आता चाळ वाजली. मला त्यातला काय कळत नाय असा त्यांचा म्हणणा हाय. पण मी सांगितला की मान डोलावतात, म्हणजे बरोबर असणार. मुंबईला डॉक्टरकडे चला म्हटला तर ऐकत नाहीत. तो कान चांगला असताना पण माझा ऐकत नव्हते. तुमचा ऐकतात. तुम्ही येऊन त्यांना घेऊन जा, पेट्या राहू द्यात. यंत्र बसला तर बरा. नाय बसला तर मी हाय बाजूला.