पंचविसावा महिना

प्रिय भोवऱ्या,

तुझा निरोप पोचला. 'ताई, गाडी विकून टाक. उगाच जागा अडते.' सात शब्द, त्यात एक आज्ञार्थ, आणि खाली सहीसुद्धा नाही. इतकं आटोपशीर तू शाळेत लिहिलं असतंस तर संस्कृतात पस्तिसाच्या पुढे गेला असतास. शिवाय अडते आहे ती जागा माझी. आणि माझी काही तक्रार नाही. तरी मोठ्या बहिणीला तू इतक्या वर्षांनी काहीतरी सांगितलंस, तेव्हा मी मुकाट्याने कामाला लागले. त्या कामाचं पुढे काय झालं, हे सांगायला हे पत्र. लांब होईल. चहा घेऊन बस.

आधी स्वप्न सांगते. जेवणानंतरचा एक तास मला मोकळा असतो, आणि शिक्षकांच्या खोलीत वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून मी पंधरा मिनिटं झोपते हे आता सगळ्या शाळेला माहीत आहे. गेली दोन-तीन वर्षं त्या पंधरा मिनिटांत तुझी गाडी येते. शाळेच्या लांब व्हरांड्यातून, अजिबात आवाज न करता, जमिनीपासून वीतभर वर. दारांवरचे पडदे हलतात, वह्यांची पानं उलटतात, आणि तू समोर बघत असतोस. मी हाक मारत नाही. शेवटी जिथे भिंत आहे तिथे तू अलगद वळतोस, आणि भिंत सरकून तुला वाट देते. तुझा निरोप आला त्या दुपारी मी स्वप्नात पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं. गाडीला टायरच नव्हते. चार रिकाम्या कमानी, आणि त्यांत नुसता उजेड. जागी झाले तर विज्ञानाच्या बाई विचारत होत्या, चाक म्हणजे संस्कृतात चक्रच ना, मग तुम्ही झोपेत इतक्या का चिडला होतात?

गाडी तू जशी ठेवून गेलास तशीच आहे. गडद निळा रंग, वर राखाडी आच्छादन, डाव्या दाराजवळ दुरुस्तीनंतरही राहिलेली ती बारीक लाट, जी फक्त सकाळच्या तिरप्या उन्हात दिसते. तुझे भाऊजी दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतात आणि नंतर दिवसभर अशा थाटात फिरतात की जणू शर्यत जिंकून आलेत. मी आच्छादन अर्धं सारून शेजारच्या सीटवर बसते आणि पेपर तपासते. तिथे मला कोणी शोधत येत नाही. एकदा खिडकीची काच खाली करून मी एका मुलाला षष्ठीच्या चुकीबद्दल मनातल्या मनात माफही केलं. घरात बसून केलं नसतं.

असो. गाडी विकायची तर घेणारा आधी चालवून बघणार. मेकॅनिक म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, पण या टायरांवर मी कुणाला फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. म्हणून मी टायरच्या दुकानात गेले. दुकानदार साठीचे, हातावर जन्मभराचा काळा रंग, कानावर खडू. मी शिक्षिका आहे हे त्यांनी न सांगता ओळखलं आणि पहिल्या वाक्यापासून मला बाई म्हणायला लागले. त्यांनी एकच विचारलं: गाडी रस्त्यावर चालवायची की ट्रॅकवर? अरे, विकायची गाडी. कुठलीही चार वर्तुळं चालली असती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, दोन्हीकडे. घरून निघायचं, त्याच टायरांवर ट्रॅकला पोचायचं, दिवसभर फिरायचं, आणि त्याच टायरांवर कायद्याने घरी परतायचं. ते हसले. म्हणाले, बाई, सगळी अडचण त्या परतण्यातच आहे.

मग माझी शिकवणी सुरू झाली. एका बाजूला सभ्य टायर: बिनआवाजाचे, पाण्यात शहाण्यासारखे वागणारे, पण ट्रॅकवर चार फेऱ्यांत घामाघूम होऊन मऊ पडणारे. दुसऱ्या टोकाला जवळजवळ टकले. कायद्यापुरत्या दोन-चार खाचा, कोरड्यावर असे धरतात की गाल एका बाजूला जातो, आणि रस्त्यावर जरा पाणी साचलं की त्यावर तरंगायला लागतात. मधे काही. मी पडले वर्गीकरण करणाऱ्यांतली, वही काढली. प्रत्येक टायरच्या कडेला झिजेचा आकडा छापलेला असतो, तो मी स्वतः शोधला. एकाला दोनशे, एकाला तीनशे, एकाला पाचशे. मी अर्थातच पाचशेवाल्याच्या पाठीवर थाप मारली. एवढे गुण मिळवणारा विद्यार्थी कोण सोडील? दुकानदारांनी कपाळाला हात लावला आणि कपाळ काळं करून घेतलं. बाई, म्हणाले, इथे कमी मार्कांची पोरं हुशार. पाचशेवाला टिकेल खूप, पण धरणार नाही. दोनशेवाला धरेल, म्हणून झिजेल. धरायचं म्हटलं की झिजणं आलंच.

ते हे सहज बोलले, खडू शोधता शोधता; तो कानावरच होता. मी मात्र वहीत एकच शब्द लिहून घरी आले. स्नेह. तुला आठवणार नाही, तुझं लक्ष तेव्हा खिडकीबाहेर असायचं. पण संस्कृतात स्नेह म्हणजे माया आणि स्नेह म्हणजे तेल, आणि तर्कशास्त्रात तर स्नेह हा चिकटपणाचाच एक गुण, ज्याच्यामुळे सुट्या पिठाचा एकत्र गोळा होतो. तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिते आहे. त्यात झिजही असते, हे मला रबरानं शिकवलं.

तू मला एकदा ट्रॅकवर नेलं होतंस, आठवतं? शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती आपलीच गाडी दिवसभर गोल गोल पळवायची, यासाठी माणसं पहाटे उठतात हे ऐकून मी तुझी यथेच्छ थट्टा केली होती. मग तू मला शिरस्त्राण घातलंस, पट्टे आवळलेस, आणि पहिली फेरी मुद्दाम हळू घेतलीस. टायर गार असले की कुणावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणालास, त्यांना आधी ऊब द्यावी लागते. तिसऱ्या फेरीत मला एकाएकी सगळं संथ वाटायला लागलं. कडेचं गवत, पांढरा कठडा, तुझी मनगटं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. वळणाआधी तू ब्रेक दाबायचास तो नेमका जिथे श्लोक म्हणताना मी श्वास घेते तिथे. लघु, गुरू, थांबा, पुन्हा लघु. मी शेजारी बसून छंद मोजत होते. वृत्त म्हणजे छंद, वृत्त म्हणजे वर्तुळ, वृत्त म्हणजे बातमीही. आणि ज्याला संस्कृतात पस्तीस मिळाले तो माझा भाऊ तिन्ही एकदम चालवत होता. खाली उतरल्यावर मी फक्त एवढंच म्हणाले, बरं चालवतोस. त्याहून मोठं काहीतरी म्हणायचं होतं. राहून गेलं.

त्या आनंदात मी तुझ्या पुढच्या वाढदिवसाला टायर आणले. म्हणजे टायर निवडण्याची ही काही माझी पहिली वेळ नव्हे. गावातलं टायरचं एक जुनं दुकान बंद होत होतं. मागच्या खोलीत तुझ्या मापाचे चार टायर, कागदात गुंडाळलेले, एकदाही न वापरलेले. आणि प्रत्येकाच्या कडेला, एका लांबट चौकटीत, चार आकडे: २९०९. एकोणतीस, नऊ. तुझी जन्मतारीख! चौघांवरही! शकुन मानणाऱ्या सहकाऱ्यांची रोज टिंगल करणारी मी, त्या धुळीत उभी राहून लहान मुलीसारखी हरखले. चिठ्ठीत लिहिलं, तुझ्या जन्मतारखेचे टायर, शोधून आणलेत. तू उकिडवा बसलास. त्या आकड्यांवरून अंगठा फिरवलास. बराच वेळ. मग वर बघून हसलास आणि म्हणालास, ताई, हे तर माझ्याच नावानं जन्मलेत. दुसऱ्याच दिवशी ते गाडीला चढले.

पुढचं आपण दोघं बोलत नाही, म्हणून थोडक्यात. दोन आठवड्यांनी ट्रॅकवर, तिसऱ्या वळणाला, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि कठड्यावर गेली. (टोपणनाव ठेवताना माणसानं जपावं.) तुझं मनगट मोडलं. इस्पितळात मी तुला घड्याळ लावून चाळीस मिनिटं सुनावलं. बेफिकीर, उतावळा, दुसऱ्यांचा विचार नाही. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी शेवटी पाठ फिरवली. तू छताकडे बघत होतास. मी दमल्यावर एवढंच म्हणालास, माझंच चुकलं, ताई. वळण घाईत घेतलं. त्यानंतर आठ वर्षांत तू चाक हातात धरलेलं नाहीस. दूरची नोकरी घेतलीस, बसने फिरतोस, आणि जो माणूस जन्मात वेळेवर आला नाही तो आता थांब्यावर तासभर आधी जाऊन उभा राहतो, असं ऐकते. लोक म्हणाले, सुधारला. मीही म्हणाले.

आता मागच्या मंगळवारचं सांगते. शेवटी मधलेच ठरवले, दोनशेवाले, खाचा पुरेशा, कडा ताठ. दुकानदार ते बसवायच्या आधी मला दाखवत होते, आणि मी माझ्या सवयीने कडेची चौकट शोधली. ०८२५. मी म्हटलं, हे काय हो, आठ तारीख ठीक, पण पंचविसावा महिना कुठल्या कॅलेंडरात असतो? ते खूप हसले. मग म्हणाले, बाई, ती तारीख नव्हे. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. टायर कधी बनला ते. पंचविसातला आठवा आठवडा. अगदी ताजे आहेत, निर्धास्त राहा. मी निर्धास्त राहिले नाही. भिंतीला टेकवलेले, आपल्या गाडीचे काढून आणलेले जुने टायर होते तिथे गेले आणि वाकले. एकोणतिसावा आठवडा, साल नऊ. मी तुला दिले सतरा साली. दुकानदार मागून सांगत होते की टायर नुसता पडूनही म्हातारा होतो, दिसायला काळाभोर, खाचा खोल, पण आतलं रबर लाकूड झालेलं. अशांवर कुणी ट्रॅकला गेलं असेल तर ते वाचलं हेच नवल. कुणी दिले होते, त्यांनी विचारलं. मी फळीवरचे डबे मोजले. त्यांनी स्टूल सरकवलं आणि पाणी दिलं.

घरी येऊन मी तुझ्या सीटवर बसले. पहिल्यांदाच. समोरच्या कप्प्यात तुझी ती निळी वही अजून आहे. तुझं अक्षर इतकं नीट असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. टायरांच्या प्रत्येक जोडाला एक पान: गार असताना हवा किती, तापल्यावर किती, फेऱ्या किती. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर पहिली ओळ: चौदावा आठवडा, अमुक साल. एक्केचाळिसावा आठवडा, तमुक साल. एकही पान चुकलेलं नाही. शेवटचं पान माझ्या टायरांचं. त्याच्या डोक्यावर तू लिहिलं आहेस, २९ सप्टेंबर, ताईकडून. आठवडा नाही, साल नाही. खाली सगळं कोरं. ते आकडे काय सांगतात हे तुला पहिल्या क्षणीच कळलं होतं, भोवऱ्या, अंगठा फिरवतानाच. तरी तू ते माझ्यासारखे वाचलेस. शहाण्या, खरं सांगितलं असतंस तर मी फार तर चार दिवस रुसले असते.

तेव्हा गाडी विकलेली नाही. नवे टायर चढले आहेत, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ट्रॅकवर दोन नावं दिली आहेत: चालवणारा तू, शेजारी मी. पत्र लिहायचं कारण एवढंच नाही, तुला कळलंच असेल. मी पाल्हाळ लावते तेव्हा काहीतरी चुकवत असते. इस्पितळात तू जे म्हणालास ते आठ वर्षं मी खरं धरून चालले. वाक्य बरोबरच होतं, त्यात काना-मात्रेची चूक नाही. बोलणारा तेवढा चुकीचा होता. ते वाक्य माझं आहे, आता परत दे. माझंच चुकलं. शनिवारी ये. पहिल्या दोन फेऱ्या हळू घे. नवे टायर आहेत, त्यांना ऊब लागायला वेळ लागेल. मलाही.

तुझीच, शेजारच्या सीटवरची,
ताई