एक हजार चार क्रमांकाची मालकी

दिनांक ९ फेब्रुवारी, मंगळवार

या वहीत चौदा महिन्यांत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल वहीची माफी मागते. लिहिण्यासारखे काही नव्हते असे नाही. जे होते ते लिहायचे नव्हते. शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही," आणि त्याच दमात त्यांनी विचारले, "तुमच्या वतीने निर्णय घेणारं कोण आहे?" म्हणून आज बसले.

मी, वय वर्षे शेहेचाळीस, अविवाहित, अंधांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या ग्रंथालयात सर्व्हर सांभाळणारी, आज पूर्ण शुद्धीत आहे. माझे डोके ठिकाणावर असण्याविषयी भावाला शंका असेल, तर ती जुनी आहे. कोणी भीड घातलेली नाही, कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे, ते असे:

१. राहत्या दोन खोल्या थोरल्या भावाला. या कागदाची अंमलबजावणीही त्यानेच करावी. वहिनीने पडदे खुशाल बदलावेत, तिला ते पहिल्या दिवसापासून खुपतात. मोरीतला नळ गळतो, तो मात्र भावाने स्वतः दुरुस्त करू नये. मागच्या वेळी केला तेव्हा खालच्यांच्या छताला पोपडे आले आणि बोलणी मी खाल्ली.

२. बँकेतली शिल्लक भाचीच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते तिने ठरवावे. "संगणकच शिक, आत्याची इच्छा होती," असे तिला कोणीही सांगू नये. आत्याची तशी इच्छा नव्हती.

३. लहान स्क्रूड्रायव्हरचा संच खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकडे असतो, त्यांच्या यंत्रासाठी. ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे कळले, म्हणून तो त्यांना ठेवत नाही. फक्त परत मागू नये.

४. ग्रंथालयाचे सर्व पासवर्ड बंद पाकिटात, कपाटाच्या वरच्या खणात. ते कार्यवाहांना द्यावेत. नऊ वर्षे ते मला सांगत आले, "अहो, सगळ्यांना सगळं उघडं ठेवा, आपलीच माणसं आहेत." नऊ वर्षे मी नाही म्हणाले. त्यांनी माझे नाव कुलूपबाई ठेवले. त्याचा राग मी धरून ठेवला होता, तो येथे सोडते, पण मत सोडत नाही. माझे खाते बंद करावे. माझा क्रमांक मात्र पुन्हा कोणाला देऊ नये. का, ते पुढे.

५. सर्व्हरवरच्या प्रत्येक फायलीला मालक असतो. ती कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे त्यावरून ठरते. पण यंत्र मालकाचे नाव लक्षात ठेवत नाही, क्रमांक ठेवते. नाव आपल्या सोयीसाठी दिसते. ग्रंथालय ज्यांनी उभे केले त्या मास्तरांचा क्रमांक एक हजार चार होता. बावीस वर्षांची ध्वनिमुद्रणे त्यांच्या फोल्डरमध्ये होती. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांचे खाते काढून टाकले. फायली आधी दुसऱ्याच्या मालकीच्या करायला हव्या होत्या. एका ओळीची आज्ञा, अर्ध्या मिनिटाचे काम. नंतर करू म्हटले. फायली तशाच राहिल्या, मालकाच्या जागी नुसता आकडा.

दोन वर्षांनी माझ्या हाताखाली एक सहकारी आली. डोक्यावरचा चष्मा टेबलाखाली शोधायची, म्हणून सगळे तिला धांदलबाई म्हणत. कामात तिने धांदल कधी केली नाही, पण एकदा नाव पडले की पडले. तिचे खाते उघडताना यादीत एक हजार तीननंतर एकदम एक हजार पाच दिसला. रांगेत भोक राहिलेले मला बघवत नाही. मी तिला एक हजार चार दिला. त्या क्षणी मास्तरांची सगळी मुद्रणे तिच्या मालकीची झाली. तिला हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक असायला हवे होते.

चौदा महिन्यांपूर्वी डिस्क भरत आली. मी तिला म्हटले, "तुझ्या चाचणीच्या फायली साठल्यात, पुसून टाक." ती यादी घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, माझ्या नावावर फारच दिसतायत. सगळ्या पुसू?"

मी दुसऱ्या कामात होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या नावावर आहेत ना? मग विचारतेस काय?"

तिने पुसल्या. चारशे अकरा पुस्तके. त्यांतली साठेक मास्तरांच्या पत्नीने वाचलेली, आणि त्या जाऊन सहा वर्षे झाली होती. बॅकअप उघडला, तर ते फोल्डर त्यात नव्हतेच. पूर्वी मीच, फार काटेकोरपणे, मालकाखेरीज सर्वांची वाचायची परवानगी काढून घेतली होती. त्या 'सर्वां'त बॅकअप घेणारे खातेही आले. ते रोज त्या दारावरून परत फिरत होते आणि तशी एक ओळ नोंदवतही होते. ती नोंद वाचणे माझे काम होते.

समितीसमोर कार्यवाहांनी विचारले, "पुसायला सांगितलं कोणी?"

ती म्हणाली, "ताईंनी."

मी म्हणाले, "मी तिला तिच्या स्वतःच्या फायली पुसायला सांगितलं होतं."

शब्दशः खरे. कार्यवाह म्हणाले, "धांदलबाई ती धांदलबाईच." तिला काढून टाकले. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि चष्मा पुसत बसली.

तेव्हा मला क्रमांकाचे लक्षात आले नव्हते. तीन दिवसांनी खात्यांची जुनी यादी नव्या यादीशेजारी ठेवली, एकाच क्रमांकापुढे दोन नावे दिसली आणि कळले. तीन दिवसांचे अज्ञान मी स्वतःला माफ करू शकते. चौदा महिन्यांचे काय, ते कोणत्या कलमात बसवावे कळत नाही.

मास्तरांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "असू दे. तिचा आवाज मला पाठ आहे. त्या बाईंना सांगा, माझा त्यांच्यावर राग नाही." मी सांगते म्हणाले. सांगितले नाही. जो दोष तिचा नव्हताच, त्याची क्षमा मी तिच्या दारात कशी नेऊन ठेवणार? मास्तर उन्हाळ्यात गेले. त्यांच्या लेखी दोष तिचाच राहिला.

म्हणून: माझ्या मृत्यूनंतर दोन्ही याद्या आणि हे कलम समितीपुढे वाचावे, आणि एक प्रत तिला द्यावी.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावले. शिंपीकाका आले, आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. मी म्हटले, "वाचायची गरज नसते. मी सही करताना पाहिलंत की झालं."

"मी कापड पाहिल्याशिवाय कात्री लावत नाही," काका म्हणाले आणि बोट ठेवून वाचू लागले. नळाचे वाचून हसले. स्क्रूड्रायव्हरचे वाचून म्हणाले, "म्हणजे लेखी चोर ठरवलंस." पाचव्या कलमावर थांबले.

"ही बाई कुठं असते आता?"

"चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे."

"म्हणजे आहे. आणि तूही आहेस अजून."

नर्सबाई म्हणाल्या, "अहो, शुक्रवारी ऑपरेशन आहे तिचं. काय बोलता?"

"म्हणूनच बोलतोय. शुक्रवारी ही धडधाकट उठून बसली, तर हा कागद कोण उघडणार?"

कोणी उघडणार नव्हते. लिहिताना ते मी जमेस धरले होते. मेले तर खरे बोलेन, जगले तर नाही, असा तो हिशेब होता, आणि त्याला मी कलम हे नाव दिले होते. नर्सबाईंनी पाणी आणून दिले. काका खिडकीबाहेर पाहत राहिले, मला लाज वाटू नये म्हणून असावे.

पाचव्या कलमातले शेवटचे वाक्य, 'माझ्या मृत्यूनंतर' पासून पुढचे, मी माझ्या हाताने खोडले आहे. खाडाखोडीशेजारी आम्हा तिघांच्या सह्या आहेत. बाकी मजकूर कायम.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. शिंपी, तळमजला (सही). २. निवृत्त परिचारिका, वरचा मजला (सही). दोघांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. वेळ: दुपारी सव्वाचार.

उद्या: झेरॉक्सचे दुकान साडेदहाला उघडते. दोन्ही याद्या घेऊन जाणे.