गाठ शेकायची नव्हती

बाबा,

आज परत तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एव्हाना माझा राग विझायला हवा होता. पण जिवंतपणी जसा माझा जीव खाल्लात तसाच अजूनही खाता. शाळेतून दमून घरी येते, आत्या खाटेवर बसून लसूण सोलत असते, आणि तिच्या हातांकडे लक्ष गेलं की तुमच्या पोटावरची ती गाठ आठवते. मग चहासुद्धा गोड लागत नाही.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात तुम्ही टेबलावर आडवे पडला आहात. डॉक्टरांच्या हातात तोंडाला तोंड जोडलेल्या दोन सिरिंजा आहेत, एकीत दाटसर द्रव, दुसरीत पूड. इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत ते दोन्ही कालवतायत आणि मला समजावतायत. हे पॉलिमरचं जेल आहे. कातडीखाली टोचलं की अंगातल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्याची लहानशी गाठ बनते, आणि ती हळूहळू विरघळत तीन महिने औषध सोडत राहते. तेवढे दिवस प्रोस्टेटचा कॅन्सर दबून राहील. मी त्यांचा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतेय, आणि तुम्ही? सगळी नोकरी अकोल्याच्या एसटी डेपोत फिटर म्हणून काढलेला माणूस, कोपरावर उठून बसलात. “हे तं आमच्या डेपोतल्या सांधायच्या मसाल्यावानी हाय, डॉक्टरसायेब! दोन गोळे कालवा, फुटक्या टाकीले लावा, दगड होते.” डॉक्टर हसले. म्हणाले, “तसंच समजा, काका. पण हा दगड जपायचा. दाबायचा नाही, चोळायचा नाही, शेकायचा तर मुळीच नाही. ही गाठ म्हणजेच औषध.” तुम्ही मान डोलावलीत. “समजलं,” म्हणालात. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

त्या इंजेक्शनसाठी मी काय काय केलं, ते तुम्हाला कुठे ठाऊक होतं! नागपूरहून थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून ते यायचं, आणि इथे अमरावतीत आमच्याकडे दिवसाचे निम्मे तास लाइट नसायची. फ्रिज उघडू नका म्हणून मी घरात सगळ्यांवर खेकसायचे. तुम्ही मात्र इंजेक्शनच्या आदल्या दिवशी मुक्कामाला आलात की शेजाऱ्यांना बोलावून फ्रिजचं दार उघडून दाखवायचात, “पाहा, पोटात जाऊन थिजते हे!” परतीच्या गाडीत कंडक्टरला सदरा वर करून गाठ दाखवलीत, हेही मला नंतर कळलं. जसं काही डेपोने बक्षीसच दिलं होतं तुम्हाला.

आणि मग आत्या आली. त्या वर्षांत रोज कुठल्या तरी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी असायची, वऱ्हाडातलं वर्तमानपत्र सकाळी उघडवत नव्हतं. वरूडला तिच्या विहिरीने तळ गाठला, संत्र्याची झाडं उभ्याउभ्या वाळली, ती तोडून जळणाला गेली. एक पिशवी घेऊन ती तुमच्याकडे अकोल्याला राहायला आली आणि दिवसभर भिंतीला टेकून बसू लागली. तुम्ही फोनवर एवढंच सांगितलं होतंत, की बाई जेवत नाही धड.

मी एका शनिवारी अकोल्याला आले तेव्हा तुम्ही मधल्या खोलीत सदरा वर करून पडला होतात, आणि आत्या चुलीवर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून तुमच्या पोटावर दाबत होती. “सुईची गाठ हाय, बाई. शेकली का बसते,” ती मला म्हणाली. आपल्याकडे सुईच्या प्रत्येक गाठीला हेच करतात, लहानपणी माझ्या दंडालाही तिनेच शेकलं होतं. मी वीट हिसकावून घेतली, बोटं भाजली. तुमचं पोट लालबुंद, गाठ अर्धी चपटी. तुम्हाला ओढतच अंगणात नेलं.

“काहून शेकू देलं? तुमाले मालूम होतं ना?”

“होतं.”

“मंग?”

तुम्ही नाडी बांधत राहिलात. मग म्हणालात, “बरं वाटलं मले.” आणि माझा पारा आणखी चढतोय असं दिसल्यावर हळूच, “आल्यापासून पयल्यांदा उठली वं ते. तिले काही सांगू नको.”

पुढच्या तपासणीत रिपोर्टमधला आकडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं, आणि पुढचा पोळा तुम्ही पाहिला नाहीत. शेकल्यामुळे झालं का, हे मी डॉक्टरांना किती वेळा विचारलं असेल. दर वेळी तेच उत्तर, “सांगता येत नाही. हा आजार असाही वाढतो.” एक शब्द, बाबा! “नको” एवढा एकच शब्द बोलला असतात, तर हा प्रश्न मला जन्मभर वागवावा लागला नसता. आत्याची तुम्हाला एवढी काळजी होती, मग माझी कोणी करायची?

आता ती माझ्याकडे असते. आल्यागेल्याला सांगते, “भावाचं मरेपर्यंत केलं म्या. त्याची गाठ मीच बसवून देली.” मी तिथेच उभी असते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, दात आवळून. तुमचा शब्द पाळते आहे, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात फाटकाचा गंजका पत्रा लागला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. दंडाला टणक गाठ आली. आत्याला हल्ली उठताना भिंत धरावी लागते, तरी ती उठली, तव्यावर फडकं गरम केलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांचं साचलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. “बाही वर कर, बाई. बसते हे.”

मी बाही वर केली.

तिला वाचता येत नाही, तरी हे पत्र मी फाडूनच टाकणार आहे. माझा राग गेलेला नाही, तसा गैरसमज करून घेऊ नका. पण तुमच्यापासून काय लपवायचं. बरं वाटलं मले.