तळमजल्याच्या खोलीचं कुलूप

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर आखडली आहे, तेव्हा मनातल्या मनात पूर्ण वाकलो असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे खुशाल आहोत. तुझी भावजय माझ्याशी कामापुरतंच बोलते, त्याचं कारण तुला ठाऊक आहेच.

तुझं पत्र पोचलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येते आहेस हे वाचून बरं वाटलं. 'तुमच्या झोपेचं खोबरं नको' म्हणून आठ दिवस हॉटेलात उतरणार, हे वाचून घास घशाखाली उतरेना. मागच्या खेपेला चारचौघांत मी म्हणालो होतो, की ताई घोरते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात. जीभ घसरली. चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त करतोय, पण स्वतःच्या तोंडाला एक घालायचं जमलं नाही. धाकट्या भावाचं घर असताना बहिणीने हॉटेलात राहायचं, हे मला पटलेलं नाही. पण 'नवं आलिशान की जुनं चौकाचं, दोन्ही बघून कळव' हा तुझा हुकूम, म्हणून गेलो.

आधी आलिशान. दार ढकलायला हात पुढे केला, तर ते आपणहून सरकलं आणि मी हात पुढे धरूनच थेट आत, एका कुंडीपर्यंत गेलो. स्वागताला बसलेल्या मुलीने हसू दाबून मला चौदाव्या मजल्यावरची खोली दाखवायला नेलं. आता मी पडलो कुलूपवाला. मला खोली आधी भोकातून कळते. दारापाशी वाकून किल्लीचं भोक शोधायला लागलो. तिला वाटलं माझं काहीतरी पडलं, म्हणून तीही गुडघ्यांवर बसली. मग झाडूवाल्या बाई आल्या, एक पाहुणा आला, आणि आम्ही चौघं गालिचा चाचपत होतो. (कार्ड दाखवलं की दार उघडतं म्हणे. ज्या दाराला किल्ली नाही त्याच्यावर माझा भरवसा नाही.) आत न्हाणीघराची भिंत काचेची, पलंगावरून आंघोळ दिसेल अशी. पडद्याचं बटण आहे. मी दाबलं ते दुसरं निघालं. दिवे गेले आणि गाणं सुरू झालं. डोळ्याला पट्टी बांधून तू ही बटणं कशी शोधणार? हे हॉटेल बाद.

मग चौकाचं. चारी बाजूंनी खोल्या, मधे उघडा चौक, त्यात एक लिंबाचं झाड आणि वेताच्या खुर्च्या. दोष सांगायचे तर पुष्कळ आहेत. सावली इतकी, की माणूस बसला की उठायचं नाव घेत नाही. मालकीणबाई इतक्या आपुलकीने चौकशी करतात, की तुला बोलण्यातून फुरसत मिळणार नाही. तळमजल्याच्या खोलीला पायऱ्या नाहीत, म्हणजे गुडघ्यांना व्यायाम शून्य. शिवाय ती खोली सध्या बंदच आहे, कुलूप बिघडलंय. बाकीच्या खोल्या वर, आणि जिना असा, की मी चढताना कठड्याला मिठी मारली होती.

म्हणजे दोन्ही बाद. पुढचं तू ठरव, मी मधे पडत नाही.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ

ता. क. तुझ्याशी खोटं बोलून झोप यायची नाही, म्हणून सांगतो. ते कुलूप माझ्या टेबलावर आहे. थोडं जड चालत होतं, तेलाच्या दोन थेंबांचं काम. मी मालकीणबाईंना सांगितलं, भाग बाहेरून मागवावा लागेल. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला मारलेली ही पहिली थाप.

ता. क. दुसरा. आपल्या घरातल्या मागच्या खोलीच्या दाराला आतून नवी कडी बसवली आहे. लावून घे आणि पोटभर घोर. कुणी ब्र काढला तर मला सांग. चुकलो मी, ताई. घरी ये.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, तू गेल्यावरही काचा थरथरतच होत्या. तिने महिनाभर लक्ष ठेवलं आणि मग कानात कापूस घालायला लागली. आज सकाळी ती टेबलावरचं कुलूप घेऊन चौकाच्या हॉटेलात जाऊन आली. तळमजल्याची खोली तिने आठ दिवसांसाठी सांगून ठेवली आहे, माझ्या नावाने. तेव्हा तू खुशाल घरी उतर. मला भेटायला येशील तेव्हा गुडघ्यांची काळजी करू नकोस, पायऱ्या नाहीत.