रांगेत पहिली

ती. आई,

तुला नमस्कार. दादालाही करते, पण एका अटीवर. हे पत्र त्याने तुला मोठ्याने वाचून दाखवायचं, एकही ओळ न गाळता.

रविवारी इथल्या अभयारण्यात दहा-बारा जणांबरोबर पक्षी बघायला गेले होते. पुढे एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा नियम असा, की जो तोंड उघडेल त्याने रांगेच्या शेवटी जायचं. मी नवखी, म्हणून आधीच शेवटी.

उन्हाने सगळे कावलेले. एकाने पाणी मागितलं, गेला मागे. दातांच्या डॉक्टरीणबाई "अगंबाई, साप" म्हणाल्या, त्याही मागे. साप कसला, दोरी होती. मी गप्प. दोन तासांनी मास्तरांच्या पाठोपाठ मीच.

ओढ्याच्या वळणावर चार हातांवर खंड्या बसला होता. चोचीतला मासा त्याने फांदीवर आपटला आणि शेजारच्या पिल्लाला भरवला. बाकीच्यांना नुसती उडती निळी रेघ दिसली. मास्तर म्हणाले, "इतकी शांत बाई मी पाहिली नाही." दादा, हे दोनदा वाच.

खरं सांगू, फार जड गेलं नाही. धुलाईखान्यात मशीनच्या घरघरीत दिवसभर कोणी बोलत नाही, आणि खोलीवर मी एकटीच. पण जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

पुढच्या महिन्यात सुट्टी मिळाली आहे. दादाला स्टेशनवर पाठव आणि आत्ताच सांगून ठेव, घरापर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही.

तुझी,
टकळी