घरात सगळ्यांना सगळं दिसतं

१ फेब्रु., रवि.
कॉम्प्युटर लागला एकदाचा. मी कामाला जातो त्या वळ गावच्या गोडाऊनमधून भंगारात चालला होता, साहेबांना विचारून घरी आणला. जुनाट आहे, पंखा घरघरतो. डिस्क तेवढी मोठी टाकली.
बाबांच्या टेपांसाठी हा सगळा खटाटोप. आयुष्यभर लोकांच्या लग्नांचं, हळदीचं शूटिंग केलं त्यांनी. आई आता फक्त त्या टेपांतच आहे. झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात गेला नि बोलणं गेलं. दोन शब्द उरले, हाय आणि न्हाय. तेही कधी उलटे येतात.
ओळखीच्या स्टुडिओतून टेपा डिस्कवर भरून घेतल्यात. आता कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर टाकायचं, की त्याच वायफायवरच्या टीव्हीला सगळं दिसतं. म्हणजे बाबांना पलंगावर बसून. सॉफ्टवेअरने विचारलं, कुठला फोल्डर दाखवू? अख्खी डिस्कच देऊन टाकली. कोण वेगवेगळं करत बसणार.

४ फेब्रु., बुध.
अडकतंय. आई मान वळवते, अर्ध्यात थांबते, मग चौकोन चौकोन होते. बाबा डाव्या हाताने रिमोट पलंगावर आपटतात.
नेटवर वाचलं. स्टुडिओवाल्याने भरून दिलेला फाइलींचा प्रकार आपल्या टीव्हीला वाचता येत नाही. मग कॉम्प्युटर तो चालता चालता बदलून देतो, आणि आपल्या या म्हाताऱ्या डब्याला तेवढा दम नाही. एक तर तगडी मशीन घ्या, नाहीतर एकेक टेप आधीच बदलून ठेवा. दुसरं करतो.
शिवाय बाबांची खोली दोन भिंतींपलीकडे, वायफाय पोचेपर्यंत मेलेलं असतं. वायर ओढली. बायको, ज्योती, म्हणाली, "घराचा लूम केलात." खालच्या गाळ्यात कापडाचे लूम आहेतच, वर आणि हा एक.

८ फेब्रु., रवि.
चाललं!
मामेबहिणीच्या हळदीची टेप. आई हळदीच्या हाताने कॅमेऱ्याला हाकलते, "मला काय बघतंव, नवरीला बघा!" बाबा म्हणाले, "हाय. हाय." बरोबर जागी. ज्यो. स्वयंपाकघरात जाऊन रडली.
रिमोटही शिकले. वरचा बाण, मधलं बटण. एवढं पुरतं.
जाता जाता माझ्या फोनचे फोटो-व्हिडिओही आपोआप त्याच डिस्कवर जातील असं लावून टाकलं. फोन भरला होता.

१२ फेब्रु., गुरु.
बाबांना सांभाळायला दिवसा येणारी बाई सोडून गेली. तिच्या गावी काहीतरी. ज्यो.ची शाळेतली नोकरी, माझी ड्युटी, पाळीपाळीने रजा टाकायच्या. ताईला फोन केला. ती गणेशपुरीला, दुकान नि भातशेती. म्हणाली, बघू. माझं डोकं फिरलं. तिचं 'बघू' कधी संपत नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
माझी रजा. दुपारी जेवून जरा आडवा झालो. उठलो तर बाबा पलंगाखाली. चादर खराब झाली होती, ती एका हाताने ओढून लपवायला गेले नि पडले. लेंगा अर्धा. रडत होते. चादर सोडेनात.
मी फोन काढला.
आधी फोन काढला. मग उचललं. शूटिंग करताना बोललो पण, "बघ ताई, हे रोजचं आहे. बघ तुझे बाबा. आता सांग कुणी करायचं."
ताईला पाठवलं. तिला कळायला पाहिजे. फोनवर नुसतं सांगून लोकांना कळत नाही. ज्यो.ला सांगितलं नाही.

१८ फेब्रु., बुध.
ताईचा फोन. व्हिडिओबद्दल एक अक्षर नाही. "रविवारी येतो आम्ही दोघं. बसून ठरवू." झालं की काम.
व्हिडिओ फोनमधून उडवला. उगीच कुणाच्या हाती लागायला नको.

२२ फेब्रु., रवि.
लिहायला घेतलं, दोनदा बंद केलं.
ताई, भावोजी आले. बाबा खूश. चहा होतोय तोवर ताईला आई दाखवायची म्हणून त्यांनी स्वतः रिमोट घेतला. आम्ही सगळे बाबांच्या खोलीत. खालच्या लूमच्या आवाजात ऐकू यावं म्हणून टीव्ही मोठ्याने लावलेला असतो.
सगळ्यात वर 'नुकतेच आलेले' अशी एक रांग असते. त्यात टेपा नव्हत्या, माझ्या फोनवरून गेलेलं होतं. बाबांनी मधलं बटण दाबलं.
बाबा. जमिनीवर. पूर्ण स्क्रीनभर. आणि माझा आवाज.
मी रिमोट हिसकायला गेलो. बाबांनी सोडला नाही. शेवटपर्यंत बघितलं त्यांनी. व्हिडिओ संपल्यावर चित्र गोठून राहिलं, चादरीचा पिळा आणि त्यांचा हात. मग रिमोट मांडीवर ठेवला.
भावोजी बाहेर गॅलरीत गेले. ज्यो. चहाचा ट्रे घेऊन दारातच. ताई उठली, टीव्हीचा प्लगच ओढला.
"मला दाखवलंस ते दाखवलंस. बाबांना का दाखवलंस?"
"ताई, मी नाही लावलं, ते आपोआप..."
"बोलतंय कोण त्यात? आपोआप बोललं?"
वर म्हणाली, "कॅमेरा धरायला हात होता तुला."
बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. न जेवता.
काही ठरलं नाही. म्हणजे कुणी विषयच काढला नाही. निघताना भावोजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ते जास्त लागलं.

२३ फेब्रु., सोम.
डिस्कवरून काढून टाकला. टीव्ही लावून बघितला, तर रांगेत ते छोटं चित्र तसंच. दाबलं की 'फाइल सापडत नाही'. फाइल नाही, बाबा आहेत. जमिनीवर, अंगठ्याएवढे.
सॉफ्टवेअर जुनी चित्रं स्वतःकडे साठवून ठेवतं म्हणे, सगळं नव्याने तपासायला लावलं की जातात. लावलं. गेलं. ड्युटीला उशीर झाला. गोडाऊनमध्ये विचारलं का उशीर, म्हटलं बाबांची तब्येत.
प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं त्यात. वेगळा फोल्डर देता येतो. पहिल्या दिवशी विचारलंच होतं त्याने. नाही केलं तर घरात सगळ्यांना सगळं दिसतं, असं तिथेच लिहिलंय.
पण मी हे काय लिहितोय. जसं काही फोल्डर चुकला एवढंच.

२४ फेब्रु., मंगळ.
ज्यो. बोलत नव्हती. आज बोलली. "मी त्यांचं रोज करते. मला कधी फोन काढावासा वाटला नाही." मग थोड्या वेळाने, "वाटला असता तर व्हिडिओ तुम्हाला पाठवला असता."


२६ फेब्रु., गुरु.
बाबांना टीव्ही नको. लावायला गेलं की हात उचलतात. मी खोलीत गेलो की गोधडी छातीपर्यंत ओढतात. उकाडा सुरू झालाय तरी. माझ्यासमोर लेंगा बदलू देत नाहीत, ज्यो. शाळेतून येईपर्यंत तसेच थांबतात. आज थांबले. वास येत होता. मी दाराबाहेर उभा, ते आत. दोघांनाही माहीत.
उरलेल्या टेपा बदलायचं चालू ठेवलंय, हाताला काहीतरी काम. एका लग्नात पाठवणीचा प्रसंग. नवरीचा बाप मंडपाच्या खांबाला धरून हुंदके द्यायला लागला. कॅमेरा खाली गेला. कितीतरी वेळ नुसते पाय, चपला, अक्षता. कुणीतरी म्हणतंय, "अरे, हे घे ना, हेच घ्यायचं असतं!" आणि मागून बाबांचा आवाज, धडधाकट, "न्हाय. त्याला रडू दे आधी."
कॉम्प्युटर बंद केला.

२८ फेब्रु., शनि.
संध्याकाळी बाबांच्या पायाशी बसलो. "चुकलो बाबा. ताईला दाखवायला केलं मी. तुम्हाला उचलायच्या आधी केलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड हललं, बराच वेळ. शब्द आला नाही, दोन्हीपैकी एकही नाही. मग पाण्याच्या तांब्याकडे बोट. पाणी दिलं. प्याले.
माफ केलं असं समजायचं का? तहान लागली होती एवढंच असेल.

१ मार्च, रवि.
ताई रिक्षा घेऊन आली. "थोडे दिवस नेते." बाबा आधीच तयार, ज्यो.ने कपडे भरलेले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला हवं होतं तेच झालं खरं तर, तो व्हिडिओ याच्यासाठीच तर केला होता. जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवलं, भावोजी नि शेजारचे. मी खुर्चीला हात लावायला गेलो तर भावोजी म्हणाले, "राहू दे, झालंय." रिक्षा वळेपर्यंत उभा होतो. बाबा समोर बघत होते.
घर केवढं मोठं वाटतं. लूम ऐकू येतात नुसते.

८ मार्च, रवि.
टेपा पेनड्राइव्हवर भरून मंगळवारी पाठवल्या होत्या ज्यो.बरोबर. नेटवर्क नको, सर्व्हर नको, ताईच्या टीव्हीला मागे लावला की चालतो. आज ज्यो. ताईशी फोनवर बोलली, म्हणाली, भावोजी लावून देतात, बाबा बघतात रोज. "माझं नाव काढलं?" असं विचारणार होतो. ते कसं काढणार.

१५ मार्च, रवि.
गणेशपुरीला गेलो. एसटीने. ताईने बस म्हटलं, भाकरी वाढली. बाबा पडवीत. मला बघून हललेही नाहीत नि तोंडही फिरवलं नाही.
जेवणानंतर ताईच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, भावोजी शेतावर. बाबांनी एकदम उठायचा प्रयत्न केला. मला समजलं. मीही उठलो. वाटलं, आता थांबतील, ताईची वाट बघतील. डावा हात पुढे आला. धरला मी.
न्हाणीत बसवलं. थोडं झालंच होतं. ऊन पाणी ताईच्या चुलीवर होतं, ते घेतलं. पाठ, मांड्या, पाय. पाठीची हाडं लागत होती हाताला. मी इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला हात लावला नव्हता. पूर्ण वेळ त्यांचे डोळे मिटलेले.
अंग पुसून लेंगा चढवला, पडवीत आणून बसवलं. तेव्हा उघडले.
ताईने विचारलं, "कोणी केलं?" मी काही बोलायच्या आत बाबांनी तोंड रस्त्याकडे वळवलं.
परतीच्या एसटीत तेच डोक्यात. साबण जाईल म्हणून मिटले असतील डोळे. नाहीतर मी बघतोय हे दिसू नये म्हणून. बाहेर काढल्यावर विचारायला हवं होतं, की आधीच, पाणी घालायच्या आधी, मी केलेलं चालेल का म्हणून.