उतरत्या भट्टीतली वडी

लालबाग, मुंबई
पाडवा नुकताच झाला

प्रिय शिवा,

हे पत्र एकट्याने वाच. गोठ्यात जा, व्हाळाकडे जा, पण तुझ्या बापासमोर, हरेश्वरकाकांसमोर, मोठ्याने वाचू नकोस. आपण दोघे तिसरीतून एकदमच पळालो, म्हणून माझे अक्षर तुला तरी लागते. दमलोय रे. दुपारची भट्टी निवायला ठेवली आहे, भट्टीचा मालक पेद्रूबाब बाकावर घोरतोय आणि मी पिठाच्या पोत्याला पाठ लावून लिहितोय. कागदावर मैदा सांडलेला दिसला तर झटकून टाक, बोट मात्र चाटू नकोस. तुमच्याकडे सध्या त्यावरूनच रामायण चालू आहे.

आपल्या खोलीतला दत्तू आगबोटीने आला आणि बोचके खाली ठेवायच्या आधी त्याने गावच्या पंचांचा निरोप सांगितला. माझ्या बहिणीचे, मंजुळेचे, तुझ्याशी ठरलेले लग्न वैशाखात लागेल, पण दोनांतले एक झाले तर. एक तर मी गावी येऊन पंचगव्य घ्यावे आणि किरिस्तावाच्या पावाच्या भट्टीत पुन्हा पाय ठेवणार नाही अशी रवळनाथासमोर शपथ घ्यावी. नाही तर आईने मला घरातून तोडावे. ना पत्र, ना पैसा, ना सणाला ताट. मग लग्न. सांगताना दत्तू माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, "माझ्याच तोंडातनं गेला रे. मी गप ऱ्हवलो असतंय तर बरा झाला असता." मी म्हटले, तुझ्या तोंडातून शब्द गेला, काकांच्या तोंडात वडी गेली, आता माझ्या तोंडात शेण घालून सगळे निस्तरायचे. हसला बिचारा.

तुला वाटेल, एवढ्याशा वडीचे काय लावलेस. पण ती वडी मी केली आहे, म्हणून सांगतो. गिरणीतल्या इंजनेर साहेबाची मडम पहिल्यांदा ओटाचा डबा घेऊन आली तेव्हा पेद्रूबाबने वास घेऊन सरळ सांगितले, "बाय, हा घोड्याचा खुराक. भायखळ्याच्या तबेल्यात जा." ती चिडली नाही. तिच्या मुलुखात म्हणे गडीमाणसे सकाळी हेच खाऊन डोंगर चढतात. तिने सांगितले तसे आम्ही केले, तर पहिल्या खेपेला कोळसा झाला. पावाच्या आंचेला ही वडी टिकत नाही. पाव काढायचा, निखारे ओढून टाकायचे, दार लावून भट्टीला जरा श्वास घेऊ द्यायचा, आणि ती उतरायला लागली की मग वड्यांचे पत्रे आत सारायचे. पेद्रूबाब म्हणतो, भट्टी म्हातारी बाई आहे, रागात असताना तिच्यापुढे काही ठेवू नये. मी हात आत घालून बघतो. हातावरचे केस आखडले की थांबायचे, नुसती ऊब लागली की घालायचे. ओट आधी कोरडे भाजायचे, गूळ लोण्यात विरघळवायचा, त्यात खजूर, बेदाणे आणि वसईची सुकवलेली केळी बारीक चिरून. थापायचे आणि गरम आहे तोवर कापायचे. निवले की मग सुरी लागत नाही, चुरा होतो. यात माडी नाही, अंडे नाही. पाव फुगायला त्यात माडी पडते हे खरे, पण ती दादर-माहीमच्या वाडीत माडावर चढून आपलेच लोक काढतात. त्यांची माडी पावात गेलेली चालते, पाव त्यांच्या तोंडात गेलेला चालत नाही. जाऊ दे. मी शिकलेला नाही, माझ्याच्याने हा हिशेब सुटत नाही.

मडमेच्या वड्या कापल्या की कडा उरायच्या. त्या कडा कुणी खाल्ल्या, शिवा?

भोंगा व्हायच्या आधी तू उपाशीपोटी गिरणीत जायचास. जाईबाईच्या खानावळीत पहिले ताट पडायचे ते दुपारच्या सुट्टीला, तोवर पाणी पिऊन यंत्रापुढे उभा. त्या पावसाळ्यात तू चक्कर येऊन पडलास, पट्ट्यात हात जायचा तो थोडक्यात वाचला, आणि जॉबर म्हणाला, "आणखी एकदा पडलास तर गावची वाट धर." त्या दिवशी जाईबाई तुझ्या तोंडावर पाणी मारत मलाच शिव्या घालत होती, "मेल्या, दोस्त म्हणवतोस आणि याच्या बरगड्या मोजता येईपर्यंत काय करत होतास?" दुसऱ्या दिवशी मी फडक्यात कडा बांधून गिरणीच्या मागच्या भिंतीशी आलो. तू फडक्याकडे बघितलेस, माझ्याकडे बघितलेस आणि म्हणालास, "तू तिकडे तोंड कर." मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागे तुझे दात कुरकुरताना ऐकत होतो. मग रोजच तसे. मी भिंतीकडे, तू वडीकडे. पुढेपुढे तू म्हणायचास, आज खजूर कमी होता रे. मी भिंतीलाच सांगायचो, उद्या जास्त घालतो.

दत्तूला हे ठाऊक नाही. खोलीतल्या कुणालाच नाही. वड्या भट्टीवर विकायला ठेवल्या तेव्हा चाळीतले लोक मला बघून खिंकाळायचे. तूही खिंकाळलास. मला राग आला नाही, खरेच नाही. तेव्हा तुझ्या गालांवर मांस चढले होते, खिंकाळणे शोभत होते तुला.

दिवाळीला तू कायमचा गावी गेलास. हरेश्वरकाका तुला बघून आईला म्हणाले होते, "मुंबैन माझो झील भरलो गो!" आईनेच ते मला शिमग्यात सांगितले. तुझी तब्येत बघूनच त्यांनी मंजुळेला मागणी घातली असेल असे मला वाटते. माणसाला मुलगा धडधाकट दिसला की सून आठवते.

शिमग्याला मी डबा आणला तो आईसाठी. काका घरी येतील, त्या दिवशी एकादशी असेल, आणि आई पाहुण्यापुढे दुसरे काय ठेवू म्हणून तोच डबा उघडेल, हे मला काय ठाऊक? मी पालखीकडे होतो. तू होतास ना तिथे, ओटीवर काकांशेजारी. आईने मला पुढे सगळे सांगितले. काकांनी विचारले, "ह्येच्यात काय आसा?" आई म्हणाली खजूर, केळी, गूळ आणि ओट. ओट म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हते. मग देवळातल्या गुरवाला हाक मारली. त्याने डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला की जे धान्य आपल्याकडे कुणी ऐकलेले नाही ते उपासाला वर्ज्य कसे असेल? काकांनी खाल्ली, आणखी मागितली, गुरवाने आपला निकाल स्वतः दोनदा तपासून बघितला. कुठे भाजली हे कुणी विचारलेच नाही. तेवढ्यात दत्तू आला आणि डब्यात डोकावून ओरडला, "अरे, ही तर पेद्रूच्या भट्टीतली!"

आई सांगत होती, काकांच्या हातातला तुकडा तसाच राहिला. सगळे एकमेकांकडे बघत होते. ती म्हणाली, "शिवा तेवढो जमनीकडे बघत होतो."

मी तुला गावातच पकडून विचारायला हवे होते. पण तू पुढचे सगळे दिवस शेतावरच होतास आणि मग माझी आगबोट आली.

आता माझे ऐक. दत्तूकडून आईने वेगळा निरोप पाठवला आहे, "बाबू, ये, शपथ घे, मगे खंय जायचा तंय जा. कोण बघूक येता मुंबैत?" आईचे बरोबर आहे, कुणी बघायला येत नाही. पण रवळनाथासमोर खोटे बोलायला माझी जीभ उचलणार नाही, आणि खरे बोलायचे तर भट्टी सुटेल. तुला माहीत आहे, मी कुठे टिकलो नाही. गोदीत गेलो, सोडली. कोळशाच्या बंदरावर गेलो, सोडले. गिरणीत कापसाने छाती भरली, सोडली. दर वेळी वाटायचे पुढे काहीतरी आहे. आता पाय आहेत तसेच अस्वस्थ आहेत, रात्री बंदरावर भोंगा झाला की अजून उठून बसतो, पण सोडण्याचाच कंटाळा आलाय रे. या एका कामात माझ्या हाताला काहीतरी कळते. भट्टी उतरली की माझ्या मनगटाला समजते. ते टाकून पुन्हा कुणाच्या दारात उभा राहू?

म्हणून उलट निरोप घेऊन परत निघालेल्या दत्तूबरोबर मी पंचांना कळवले आहे की भट्टी सुटणार नाही, मला तोडा. आई रडेल. पण लग्न लागेल. काकांनी प्रायश्चित्त घेतलेच आहे, गुरवानेही घेतले म्हणे, आता अडण्यासारखे काही उरले नाही. मला न बोलावता मांडव घाला. तू खाल्लेस हे मी कुणाला सांगितलेले नाही आणि सांगणार नाही. तू पंचांपुढे बोलला नाहीस, ते मला समजते. बोलला असतास तर लग्न मोडले असते, काकांनी तुला घराबाहेर काढले असते. मी तुझ्या जागी असतो तर कदाचित मीही जमिनीकडेच बघितले असते.

पण मंजुळा तुझ्या घरी येणार आहे. तिथे चुलीपुढे बसल्यावर कुणी ना कुणी तिला म्हणेल, बाटग्याची बहीण. तुझी आई म्हणेल, शेजारीण म्हणेल, तिच्या पोरांना पोरे म्हणतील. ती मान खाली घालून ऐकत राहील, आणि तिच्या शेजारी तू जेवत असशील. हे पत्र मी यासाठीच लिहिले. पंचांना नको, काकांना नको, पण लग्नाआधी तिला एकदा सांग. मला भिंतीकडे तोंड करायला लावून खायचास ते सांग. आईला कळू न देता विहिरीवर गाठ, तोंड वर करून सांग. तिने ऐकून घेतले आणि तरीही तुझ्याशी बोहल्यावर उभी राहिली, तर माझ्याकडून दोघांना आशीर्वाद, वयाने तुझ्याएवढाच असलो तरी. आणि नाही म्हणाली तर तिच्यावर रागावू नकोस. दत्तू पुन्हा मुंबईला निघेल तेव्हा त्याच्या सोबतीने तिला आगबोटीत बसवून दे. जाईबाईला मी विचारून ठेवले आहे, तिला खानावळीत हाताखाली माणूस हवेच आहे. म्हणाली, "पाठव, पण तुझ्यासारखी पळपुटी नको."

पेद्रूबाब उठला. वड्यांचे पत्रे भट्टीत घालायची वेळ झाली.

तुझाच, तू तोडलेस तरी तुझाच,
गुणाजी